मनातला न

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या डॉक्टरांइतका सत्याचा उपासक उभ्या वसई तालुक्यात दुसरा नसेल. सत्यावर त्यांची इतकी श्रद्धा, की एकाच माणसाने सांगितलेलं सत्य ते कधीच मानत नाहीत. कमीत कमी तीन माणसं लागतात, आणि ती एकमेकांच्या ओळखीची नसावी लागतात. एकदा आम्ही चिंचोटीचा धबधबा बघायला निघालो होतो. हायवेवरच्या पाटीवर नाव आणि बाण दोन्ही होती, तरी त्यांनी गाडी थांबवायला लावून एका टेम्पोवाल्याला, एका चहावाल्याला आणि ओल्या कपड्यांनी परतणाऱ्या पोरांच्या टोळक्याला रस्ता विचारला. तिघांनी तीन दिशा दाखवल्या. ‘बघा,’ डॉक्टर समाधानाने म्हणाले, ‘म्हणजे आपण जवळ आलो आहोत.’ त्यांच्या पत्नी सांगतात, की लग्नाआधी हे मला बघायला तीनदा आले होते. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी आणि एकदा न कळवता. ‘न कळवता आले तेव्हा मी डोक्याला तेल थापून तांदूळ निवडत बसले होते,’ त्या म्हणतात. त्यावर डॉक्टर पेपरातून डोकं वर न काढता पुस्ती जोडतात, ‘निर्णय त्याच दिवशी झाला.’

हा स्वभाव त्यांना धंद्यातून आला, की स्वभावामुळे त्यांनी हा धंदा निवडला, हे मला अजून उलगडलेलं नाही. मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात ते लहान मुलांच्या डोक्याची चित्रं वाचतात. मेंदूत गाठ असलेलं मूल सर्जनच्या टेबलावर जाण्याआधी डॉक्टरांच्या पडद्यावरून जातं. हे काम म्हणजे नेमकं काय, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी मला गॅलरीत नेलं आणि समोरच्या वाडीत उभ्या राहणाऱ्या इमारती दाखवल्या. ‘समजा, तिथलं एक पडकं घर पाडायचं आहे,’ ते म्हणाले. ‘एका चित्रात मला घरं दिसतात. दुसऱ्यात घरांना जोडणारे रस्ते दिसतात. तिसऱ्यात कोणाच्या घरात दिवा लागलाय, म्हणजे आत माणसं कामात आहेत, ते दिसतं. चौथ्यात कोणाच्या चुलीवर काय शिजतंय त्याचा अंदाज येतो. ही सगळी एकावर एक ठेवून सर्जनच्या हातात द्यायची. नाहीतर तो पडकं घर पाडायला जाईल आणि गावाचा रस्ता उखडून येईल.’ मी म्हटलं, आमच्याकडे बिल्डर रोज तेच करतो. ‘बिल्डरला गाव परत बांधता येतं,’ डॉक्टर म्हणाले आणि आत निघून गेले. त्यांच्याशी बोलताना विनोद करणाऱ्याने सावध असावं.

तर असा हा साक्षीपुराव्यांचा माणूस एका बाबतीत मात्र पुरावा ऐकूनच घेत नसे. ती बाब म्हणजे ण. डॉक्टर देशावरचे, वडील शाळेत मराठी शिकवणारे. ‘ण हा जिभेचा नमस्कार आहे,’ असं ते म्हणत. वाक्य ऐकायला भारदस्त आहे. त्याचा अर्थ मला कळलेला नाही, आणि त्यांनाही कळला असेल असं वाटत नाही. पण या नमस्कारासाठी त्यांनी वॉचमन, प्लंबर, केबलवाला आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांच्याशी वर्षानुवर्षं वैर घेतलं. सर्वांत जुनं वैर आमच्या फाटकाशी भाजी घेऊन बसणाऱ्या कामणच्या मावशींशी. डॉक्टर वांगं उचलून उजेडात धरत, दाबून बघत, कानाशी नेऊन हलवत, आणि तेवढ्यात मावशी बोलल्या, की वांगं खाली ठेवत.

‘पानी मारलंय, ताजी हाय.’

‘पाणी, मावशी.’

‘पानी म्हनलं तर तहान भागत नाय काय, डाक्टर?’

‘तहान भागते. भाषा भागत नाही.’

‘मग भाषेला वांगी घाला नि मला पैशे द्या.’

हे संभाषण दर रविवारी किरकोळ फरकाने होई आणि दोघंही त्यातून ताजेतवाने होऊन परतत. शाळेला सुट्टी असली, की मावशींबरोबर त्यांची नऊ वर्षांची नात येई. मुलगी बोलकी, चुणचुणीत. टोपलीतल्या शेंगा वेगळ्या काढत रस्त्यावरच्या प्रत्येक माणसावर शेरा मारायची. डॉक्टरांनी पहिल्यांदा नाव विचारलं तेव्हा म्हणाली, ‘प्रनाली.’

‘अगं, स्वतःचं नाव तरी नीट सांग. प्रणाली.’

‘घरी प्रनालीच हाय,’ ती म्हणाली. पण पुढच्या रविवारपासून डॉक्टर लांबून येताना दिसले, की तिचे शेरे बंद होत. आम्हाला ते शहाणपणाचं लक्षण वाटलं.

एका रविवारी डॉक्टर तिच्यासमोर उभे राहून ‘म्हण, पाणी’ म्हणत होते आणि ती गप्प होती. त्यांनी पुन्हा सांगितलं. मला वाटलं, पोरगी हट्टाला पेटली. मग तिच्या उजव्या हातातली शेंग गळून पडली, बोटं आपोआप उडू लागली आणि ओठाचा उजवा कोपरा त्याच तालावर ओढला जाऊ लागला. डोळे आमच्याकडे लागलेले, आणि तोंडातून शब्द नाही. डॉक्टर चटकन खाली बसले, तिला कुशीवर वळवून धरलं आणि घड्याळ बघत राहिले. झटका ओसरला. ते वर बघून मला म्हणाले, ‘गाडी काढता?’

गाठ निघाली. मेंदूच्या डाव्या बाजूला. चित्रांवरून सावकाश वाढणारी वाटत होती, म्हणजे नीट काढता आली तर मूल वाचणार होतं. प्रश्न असा होता, की सामान्यपणे माणसाचं बोलणं मेंदूत जिथून चालतं, तिथेच ती येऊन बसली होती. लहान मुलात कधीकधी असं होतं, की गाठीला कंटाळून बोलणं आपलं बिऱ्हाड उजवीकडे हलवतं. तसं झालं असेल तर सर्जन पूर्ण गाठ काढायला मोकळे. झालं नसेल आणि त्यांनी काढली, तर पोरगी जगेल, पण बोलेल की नाही ते सांगता येणार नव्हतं. म्हणून ही सगळी चित्रं.

दिवे लागलेली घरं शोधायच्या चित्राच्या दिवशी मी प्रणालीला घेऊन गेलो. बापाची गोदामातली रजा संपली होती आणि आई तान्ह्या बाळाला घेऊन घरी, त्यामुळे नातीबरोबर मावशीच होत्या. डॉक्टरांनी मशीनबाहेर तिला गंभीरपणे समजावलं. ‘आत चित्रं दिसतील. तोंड हलवायचं नाही. नाव मनात घ्यायचं. तू मनात बोललीस, की आम्हाला इथे बाहेर दिसतं.’

‘मनातलं दिसतं?’ मावशींनी विचारलं.

‘सगळं दिसतं.’

मावशींनी पदर घट्ट आवळला आणि मशीनपासून दोन पावलं मागे सरल्या.

चित्र निघालं. बोटं हलव म्हटल्यावर बोटांचं घर लख्ख उजळलं होतं. नावं मनात घे म्हटल्यावर डावीकडे अंधार. उजवीकडे कुठेतरी मिणमिण. मोठे सर्जन येऊन बघून गेले आणि प्रसन्न झाले. म्हणाले, बोलणं पलीकडे गेलेलं दिसतंय, पूर्ण काढू. मोठ्या माणसांना सोयीचा पुरावा लवकर पटतो. रिपोर्टवर सही तेवढी राहिली होती. डॉक्टर मात्र बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले आणि गुडघ्यावर बोटं वाजवत राहिले.

‘रस्ता डावीकडे आहे,’ ते म्हणाले. ‘चांगला रुंद, वापरातला रस्ता. गाठीला खेटून जातोय. आणि त्यावर रहदारी नाही. एवढा रस्ता काय नुसता उद्घाटनासाठी बांधला?’

मग ते उठून समोरच्या बाकावर आजीला टेकून बसलेल्या प्रणालीसमोर उकिडवे बसले.

‘चित्रं दिसली ना तुला?’

‘दिसली.’

‘पहिलं कशाचं होतं?’

तिने आजीकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, ‘कनीस.’

‘मग मनात म्हणालीस ना?’

‘नाय.’

‘का?’

‘तुमी बाहेरून बघत होतात.’

‘बघत होतो. मग?’

‘तुमाला दिसला असता.’

‘काय दिसला असता?’

‘माझा न.’

मावशी म्हणाल्या, ‘तुमीच सारकं टोकता तिला. आता मनातसुद्धा बोलायची चोरी झाली पोरीला.’

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिलं, की या माणसाने दुसरा साक्षीदार शोधला नाही. ते उठले, तंत्रज्ञाला म्हणाले, पुन्हा घ्यायचं आहे, आणि माइक स्वतःकडे ओढला. मी दारात उभा होतो. ते नियमात बसत नसावं, पण मला हाकलायचं कोणाला सुचलं नाही. ‘प्रनाली,’ डॉक्टर माइकमध्ये म्हणाले. खोलीतल्या सगळ्या माना वर झाल्या. ‘आता कनीस दिसेल. मग पानी. मग लोनचं. घरी म्हणता तसं म्हण. या मशीनला न चालतो.’ प्रत्येक न ते अनवाणी माणसाने खडीवर पाऊल टाकावं तसा टाकत होते. आतून खुदकन हसू आलं. हसताना डोकं हललं, चित्र बिघडलं, पुन्हा सुरुवात करावी लागली. आणि या वेळी डावीकडे, गाठीला लागून, एकामागून एक घरं उजळत गेली. सर्जनना बोलावणं गेलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि मग, त्यांच्या बाजूने सांगायचं तर, वाद न घालता आपला बेत बदलला.

ऑपरेशन झालं. रस्त्याला खेटलेली पातळ कड त्यांनी मुद्दाम आत ठेवली. ती अजून आहे, आणि दर काही महिन्यांनी तिचं चित्र काढावं लागतं. एवढं करूनही प्रणाली आधी बोलेनाच. सूज आहे, वाट बघा, असं सर्जन म्हणाले. मग एकेक शब्द सुटा पडू लागला. आई. नको. दुखतं. घरी आल्यावरही तेवढंच. डॉक्टर मावशींना विचारत, कामणला फोन करून बापाला विचारत, मग मला विचारत. तिघं एकच सांगत होतो, सुटे शब्द. तीन साक्षी जुळल्या याचा आनंद न झाल्याची ती त्यांची पहिलीच वेळ असावी. रविवारी ते वांगी न दाबता पिशवीत टाकत, मावशी काय म्हणतील ते मुकाट ऐकून घेत आणि वर जात. ‘डाक्टर माज्यावर रागावलेत काय?’ मावशींनी मला विचारलं. ‘आताशी टोकत नाय. भाजी इकायला मजा येत नाय.’

पुढे सोसायटीने झेंडावंदनाला डॉक्टरांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, खुर्च्यांना कव्हरं, आणि सेक्रेटरींचं लिहून आणलेलं भाषण, ज्यात मानवतेचा दीपस्तंभ दोनदा आला. प्रणालीच्या हातून गुच्छ द्यायचा होता. डोक्याला रुमाल बांधलेली ती पोर पुढे आली, गुच्छ दिला, आणि सेक्रेटरींनी, कोणालाही न विचारता, तिच्या तोंडापुढे माइक धरला. ‘बोल बाळा, डॉक्टरकाकांबद्दल दोन शब्द.’ डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा चेहरा असा झाला, की तो माइक हिसकावून घ्यावा असं मला वाटलं. तिने समोरच्या गर्दीत आजीला शोधलं.

‘आजी, मला भूक लागलीय,’ ती म्हणाली. ‘ते बोलले होते वडे देऊ, मग कुठे हायत वडे?’

लोक हसले. सेक्रेटरींनी माइक काढून घेतला आणि सत्कारमूर्तींना दोन शब्द बोलायची विनंती केली. सत्कारमूर्ती चष्मा काढून शालीच्या टोकाने पुसत होते. ते उठले नाहीत. मी वाकून विचारलं, बरं वाटतंय ना?

‘दोन वाक्यं,’ ते म्हणाले. ‘जोडून.’

वडे विरारहून यायचे होते. ते राष्ट्रगीत झाल्यावर आले, आणि चटणी आणायची राहिली होती.