लाडक्यामामाची लाईन

लाडक्यामामा जव्हार-खोडाळा जीप चालवतो. इंग्रजी शब्द त्याला एकच येतो, पण तो त्याला सगळीकडे पुरतो. लाईन! तोही असा ओढून म्हणतो, की त्यातला 'न' पुढच्या वळणावर ऐकू यावा. जीपचा रस्ता म्हणजे लाईन. स्टँडवर एकामागे एक उभ्या जीपा, त्याही लाईन. वीज गेली की लाईन गेली. कुणी दारू सोडली की, "आला लाईनीवर!" आणि मागच्या सीटवरचा एखादा पुढच्या पोरीकडे आरशातून बघायला लागला की मामा आरसाच फिरवतो. "ए, लाईन बंद! गाव आलं तुझं, उतर."

हा मामा भाच्यासाठी मागणी घालायला पोशेऱ्याला गेला. भाच्याला, भावेशला, मामाशिवाय कुणी नाही, जीव मात्र कवितावर जडलेला. म्हणजे मामा बोलेल त्यावर लग्न!

कविताची आई सुकरी अंगणात नागली पाखडत होती. सूप न थांबवता तिने विचारलं, "पोरगं काय करतं?"

'वायरमन' हा शब्द मामाने सकाळपासून पाठ केला होता. तो नेमका घाटात सांडला.

"लाईनवर हाय."

"तुझ्यासारखा? जीपवर?"

"नाय गं सुकरीबाय! याची लाईन घराघरात. सगळ्या पाड्यांवर. तुझ्या घरात पण हाय!"

सूप थांबलं. "माझ्या घरात?"

"मग! कविताला विचार. भर पावसात आला व्हता."

"कविते! भायेर ये!"

तो आवाज ऐकून मामाने जीपची चावी मुठीत घेतली. भाच्याचं लग्न आपणच दरीत घातलं की काय!

कविता बाहेर आली. "आये, वायरमन हाय तो. लाईट गेली तवा जोडायला आला."

"एवढंच?"

कविता पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली. "लाईट गेली नव्हती. मीच मेन स्विच पाडून त्याला फोन केला."

सुकरीने आधी लेकीकडे बघितलं, मग मामाकडे, आणि इतकी हसली की सुपातली नागली अंगणभर झाली. कोंबड्यांची चंगळ.

"म्हणजे लाईन माझ्याच पोरीने मारली! बस रं लाडक्या, चाय घे. लाव त्याला फोन. बोलव."

मामाने फोन लावला, कानाला धरला, आणि तोंड वाकडं केलं.

"लाईन दुसरीकडं गुंतली हाय."

घरात कविताचा फोन वाजत होता.