केरीच्या हवालदाराची नजर

पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार कृष्णनाथ मांद्रेकर रोज सकाळी केरीच्या फेरीधक्क्याच्या अलीकडे, सुरूच्या झाडांखाली एका दगडावर येऊन बसे आणि नदीपलीकडे बघत राही. समोर तेरेखोलचा किल्ला, किल्ल्याखाली काळे खडक. ओहोटी लागली की पैलतीरच्या बाया त्या खडकांवर कालवं काढायला उतरत. हवालदार बिडी ओढत नसे, कोणाशी बोलत नसे. ताठ बसून बघायचा. मधेच उजव्या डोळ्यावर तळवा धरायचा, मग डाव्या. पुन्हा उजव्या. थोड्या वेळाने उठून पेडण्याच्या बसला जायचा. पेडण्यातल्या एका बँकेच्या दाराशी तो बाराबोरची बंदूक घेऊन उभा असे.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. किनाऱ्यावर त्या काळात चोरट्या सोन्याखेरीज दुसरा विषय नसे. कोणी नवं घर बांधलं, कोणी बोटीला नवं इंजिन बसवलं की लोक एकमेकांकडे बघून डोळे बारीक करत. अशा गावात एक माणूस रोज नदीकाठी बसून डोळ्यांवर हात धरतो म्हटल्यावर आणखी काय हवं?

"पलीकडच्यांक खुणा करता तो," मासळीवाले म्हणायचे.

"कस्टमचो माणूस आसा. आमच्यार नजर ठेवता," बोटवाल्यांना वाटायचं.

त्याआधी भाषेचं आंदोलन चाललं असताना मराठीवाल्यांनी त्याच्या हातात एक पत्रक दिलं आणि वाचून सही करायला सांगितली. हवालदार म्हणाला, "चष्मो घरी रवलो." त्याला चष्मा नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं. हा कोंकणीवाल्यांना फितूर झाला, असं मराठीवाल्यांनी ठरवलं. पुढच्या आठवड्यात कोंकणीवाले आले, त्यांनाही त्याने तेच उत्तर दिलं. मग दोघांनीही त्याच्याशी बोलणं कमी केलं.

खरं तर नजर हीच त्या माणसाची कमाई होती. पोर्तुगीज अमलात, मिसरूड फुटायच्या वयात तो बांद्याला मामाकडे पळाला आणि तिथून बेळगावला जाऊन पलटणीत भरती झाला. गोळीबाराच्या मैदानावर उस्तादांनी त्याला बाजूला काढलं आणि दुर्बीण लावलेली रायफल हातात दिली. स्नायपर म्हणजे नेम चांगला असलेला शिपाई, असं लोकांना वाटतं. कृष्णनाथ सांगायचा, नेम शेवटी येतो. आधी बघायला शिकायचं. गवत कुठल्या बाजूला लवतंय, तापलेल्या मातीवरची हवा कशी थरथरते, कालचं झुडूप आज दोन हात पुढे आहे काय. दिवसभर पालथं पडून समोरचा एकच उतार बघायचा आणि प्रत्येक वस्तूचा संशय घ्यायचा. अंतर मोजायला साधन नसेल तर माणसाकडे बघायचं. चेहरा ओळखू आला तर तो जवळ आहे. चेहऱ्याचा नुसता गोळा दिसला तर लांब. डोकं खांद्यात मिसळलं तर आणखी लांब.

हा शेवटचा धडाच तो आता रोज स्वतःवर चालवत होता. नदीचं पात्र काही रुंद झालं नव्हतं, पण पलीकडच्या बाया दर महिन्याला लांब जात चालल्या होत्या. पहिल्यांदा चेहरे गेले. मग हात गेले. मग लुगड्यांचे रंग एकमेकांत मिसळले. उजव्या डोळ्याच्या मधोमध एक काळा डाग बसला होता आणि ज्याच्याकडे बघावं तेच त्या डागाखाली नाहीसं होत होतं. डावा डोळाही धुरकट झाला होता. बस तो इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचा, माणसं बोलण्यावरून. त्याने हे कोणालाच सांगितलं नव्हतं. बँकवाल्यांना कळलं असतं तर बंदूक काढून घेतली असती, आणि बंदुकीशिवाय आपण कोण, हे त्याला माहीत नव्हतं.

तो पलीकडच्या बाया बघत बसतो, ही गावातली कुजबूज त्याच्या बायकोच्या, शेवंतीच्या कानावर आलीच. ती रडली नाही की भांडली नाही. एका सकाळी नवरा बाहेर पडल्यावर तिने लग्नातलं लालभडक लुगडं काढलं, ते नेसून मागच्या वाटेने धक्का गाठला आणि फेरीने पलीकडे गेली. नवरा जिला बघतो ती यातली कोण, हे तिला बघायचं होतं. कालवं काढणाऱ्या बायांमध्ये ती जाऊन उभी राहिली. त्यांतली यशोदा नावाची एक म्हातारी म्हणाली, "तो तुझो घोव? बाये, तो आमकां बघता काय दगडांक, देव जाणा. आमी हात केलो तरी हालना."

शेवंतीने खडकाच्या टोकावर जाऊन पदर हलवला. एकदा, दोनदा. समोर सुरूखाली तिचा नवरा तिच्याकडेच तोंड करून बसला होता. हलला नाही.

संध्याकाळी तिने भाताचं ताट वाढलं आणि विचारलं, "आज कोण कोण दिसली पलीकडे?"

"कोण दिसतली? रोजच्योच बायो."

"लाल लुगड्याची कोण होती?"

"लाल खंय होती?"

खोटं बोलतोय असं आधी तिला वाटलं. मग तिने न बोलता त्याच्या ताटातली आमटीची वाटी उचलून अर्धा हात बाजूला ठेवली. त्याचा हात जुन्या जागी गेला आणि चाचपडला. शेवंती तशीच खाली बसली. त्या दिवशी त्याने तिला सगळं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी पणजीला डॉक्टरकडे जाऊ, म्हणून ती मागे लागली. तो म्हणाला, शिगमो होऊन जाऊ दे.

शिगम्याआधीच ते प्रकरण झालं. किल्ल्याखालच्या खडकांत, वाळूत पुरलेली सोन्याच्या बिस्किटांची पिशवी कस्टमवाल्यांना सापडली. माणूस सापडला नाही. पहाटे फटफटताना एक बोट तिथे लागली होती, एवढंच कळलं. गावात येऊन विचारपूस करताच चार तोंडांतून एकच नाव निघालं. हवालदार त्या वेळी रोज तिथेच असतो.

कस्टमचा इन्स्पेक्टर रत्नागिरीकडचा, शांत बोलणारा माणूस होता. ओसरीवरच्या कदेलीवर, जुन्या लाकडी खुर्चीवर बसला, पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला.

"हवालदार, तुमची कागदपत्रं मी बघितली. पलटणीत पहिल्या नंबरचे नेमबाज. त्या दिवशी तुम्ही दगडावर होता?"

"होतो."

"बोट रुद्रेशची होती?"

रुद्रेश म्हणजे गावातलाच तरुण बोटवाला. दोन वर्षांत त्याने जुनी होडी टाकून इंजिनाची बोट घेतली होती.

"माका दिसना," कृष्णनाथ म्हणाला.

इन्स्पेक्टर हसला. "दिसलं नाही की दिसत नाही?"

"दिसत नाही."

"हे बघा. एक तर तुम्ही बघितलंत, नाहीतर त्यांच्यासाठी पहाऱ्याला बसला होतात. तिसरी गोष्ट मला तरी दिसत नाही. परवा येतो. तोवर आठवा."

तो गेल्यावर शेवंती म्हणाली, "सांगून टाका ना रुद्रेशचं नाव. सगळा गाव तेच बोलतो."

"इंजिन मी ऐकलं," कृष्णनाथ हळू आवाजात म्हणाला. "रुद्रेशच्या बोटीसारखंच होतं. पण तसली इंजिनं गावात आणखीही आहेत."

मग त्याने तिला पासष्टच्या लढाईतली एक हकिगत सांगितली. उत्तरेला एका चौकीवर तो आणि त्याचा जोडीदार धुक्यात पडून होते. समोरून तीन माणसं येताना दिसली. जोडीदार कानाशी म्हणत होता, मार, शत्रूच आहेत. कृष्णनाथला त्यांची चाल ओळखीची वाटेना आणि परकीही वाटेना. त्याने घोडा दाबला नाही. माणसं धुक्यात दिसेनाशी झाली. जोडीदाराने वर जाऊन सांगितलं की हा घाबरला. चौकीवर कोणी त्याच्याजवळ जेवायलाही बसेना. नंतर कळलं, ती आपलीच वाट चुकलेली गस्त होती.

"आणि ती शत्रूची असती तर?" शेवंतीने विचारलं.

"तर मी भित्रा ठरलो असतो," तो म्हणाला.

ठरल्या दिवशी इन्स्पेक्टर दोन पंच घेऊन आला. कृष्णनाथने ओसरीवर, सगळ्यांदेखत सांगितलं की त्याचे दोन्ही डोळे गेले आहेत; पलीकडचा माणूसच काय, समोरच्या पंचाच्या मिशाही दिसत नाहीत. अंगणाबाहेर जमलेल्या लोकांत कोणी तरी फसकन हसलं. ज्याने एके काळी देवळाच्या कळसावर बसलेला पोपट नर आहे की मादी हे बोरीखालून सांगितलं होतं, तो म्हणतो आंधळा! कस्टमच्या लोकांनी घर धुंडाळलं. तांदळाचं पिंप ओतलं, चुलीमागची जमीन उकरली, देव्हारा हलवला. काही मिळालं नाही. न मिळणं हाही लोकांना पुरावाच वाटला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः बँकेत गेला आणि बंदूक साहेबांच्या मेजावर ठेवून आला.

पाव विकणारा पोदेर त्यांच्या दाराशी भोंपू वाजवायचा थांबला. शेवंती विहिरीवर गेली की बोलणं बंद पडायचं.

मग एका दुपारी शेवंती बाजाराला गेलेली असताना अंगणात पावलं वाजली आणि माडापाशी थांबली. कृष्णनाथ ओसरीवर बसला होता.

"कोण?"

त्याला माडाच्या बुंध्याशेजारी एक उभी सावली तेवढी जाणवत होती. माणूस की वाळत घातलेलं लुगडं, तेही कळेना. वर्षानुवर्षं तो दुसऱ्यांना असाच न हलता बघत आला होता. आता कोणी तरी त्याला बघत होतं. सावली दोन पावलं पुढे आली. पुन्हा थांबली. डिझेलचा आणि मासळीचा वास आला.

"कोण तें बोल," तो म्हणाला. "मारूंक आयला असशील तर मार. पण आधी नाव सांग."

सावली अगदी पायरीपर्यंत आली. त्याच्या तोंडासमोर काही तरी चमकून हललं. कोयता असेल, किल्ल्यांचा जुडगा असेल. कृष्णनाथची पापणी लवली नाही, कारण ते कुठे आहे तेच त्याला कळत नव्हतं.

मग एक सुस्कारा ऐकू आला.

"खरंच दिसना तुका," रुद्रेश म्हणाला. आवाज पडलेला होता. "भाऊ, माका वाटलां तू कस्टमवाल्यांक फसयता आणि एक दिस माका धरून देतलो."

"धरून देण्यासारखं तू काही केलंस काय?"

रुद्रेश पायरीवर मासळीची टोपली ठेवून चालू लागला.

"ती टोपली उचल," कृष्णनाथ उभा राहून ओरडला. "उचल! गाव बघतो." टोपली उचलल्याचा आवाज आला तेव्हाच तो खाली टेकला.

अशा रीतीने त्याच्या आंधळेपणावर शेवंतीनंतर विश्वास ठेवला तो ज्याच्यावर सगळ्यांचा संशय होता त्या माणसाने. इन्स्पेक्टरला मात्र दाखला हवा होता. त्याने स्वतःच्या जीपमधून दोघांना पणजीला नेलं. डॉक्टरणीने डोळ्यांत थेंब घातले, दिवा मारला आणि बाहेर येऊन इन्स्पेक्टरवरच चिडली. "हा माणूस दोन वर्षं आधी यायला हवा होता. साखरेने दोन्ही पडदे खाल्लेत. आणि तुम्ही त्याला चौकशीला काय फिरवता?" इन्स्पेक्टरने तिला विचारलं, हे सोंग असू शकतं का? ती तशीच आत निघून गेली.

पुढे मिरजेला डाव्या डोळ्यावर उपचार झाले. त्यामुळे होतं तेवढं टिकलं: उजेड, कडेकडेची हालचाल, शेवंती कुठल्या बाजूने येते ते. सोन्याच्या प्रकरणात कोणालाच शिक्षा झाली नाही. गावात दोन मतं कायम राहिली. कस्टमवाल्यांच्या बाजूचे म्हणत, हवालदाराला विकत घेतलं. बोटवाल्यांच्या बाजूचे म्हणत, त्याने बघितलं होतं, पण गावच्या पोराला वाचवलं. दोन्ही पक्षांना त्याची नजर शाबूत हवी होती. पाठ थोपटायला येणाऱ्याला तो म्हणे, "माका दिसलांच नाय रे." त्यावर समोरचा हसून म्हणे, "आमी खंय कोणाक सांगतलों?"

बदली होऊन जाताना इन्स्पेक्टर पुन्हा एकदा आला. एकटाच, गणवेश नसलेला. चहा घेतला. उठता उठता म्हणाला, "डोळ्यांचं मी आता मान्य केलंय. पण एक विचारायचं राहिलं होतं. त्या पहाटे तुम्हाला ऐकू काय आलं?"

शेवंतीचा हात कपबशीवर थांबला.

"इंजिन ऐकलं," कृष्णनाथ म्हणाला.

"कोणाचं?"

"साहेब, तुम्ही तेव्हा विचारलं असतं तरी एवढंच सांगितलं असतं. इंजिन होतं. खात्री नव्हती. आजही नाही."

इन्स्पेक्टरने मग चप्पल घातली आणि गेला. फाटकापाशी तो थांबला असावा, कारण कडी लागल्याचा आवाज यायला उशीर झाला.

त्या पावसाळ्यानंतर रुद्रेशने बोट मालवणकडच्या कोणाला तरी विकली आणि आखातात नोकरीला गेला. का गेला, याबद्दलही केरीत अजून दोन मतं आहेत. कृष्णनाथला कोणी विचारलं की तो म्हणायचा, त्याला विचारा. शेवंती एवढंच सांगते, की फाटकाची कडी वाजली की शेवटपर्यंत तो आधी मान वळवायचा, श्वास धरायचा आणि मग विचारायचा, "कोण?"