फोटोकाकूंचे दोन कॉम्प्युटर

गल्लीत सगळे त्यांना फोटोकाकूच म्हणत. कोपऱ्यावरच्या दुकानात सत्तावीस वर्षं त्यांनी माणसांना स्टुलावर बसवून, "हनुवटी जरा खाली, हं, आता हलू नका," असं सांगत पासपोर्टचे फोटो काढले. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा दुकान बंद केलं आणि तिथला कॉम्प्युटर घरी आणून मागच्या खोलीत ठेवला. शेवटच्या चौदा वर्षांत दुकानाची पायरी चढलेल्या प्रत्येकाचा चेहरा त्याच्या पोटात होता.

आता तो कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. चालू केला की घरघर लावायचा, अर्ध्या तासात तापायचा आणि न सांगता बंद पडायचा. सीडी लिहायची सोय केव्हाच गेली होती, पेनड्राइव्ह कुठल्याच खाचेत ओळखला जात नव्हता. दुरुस्तीवाला म्हणाला, "आठ दिवस ठेवून जा, बघतो." काकूंनी ठेवला नाही. एवढ्या लोकांचे चेहरे परक्याच्या टेबलावर पडून राहणार, हे काही त्यांच्या मनाला पटेना.

अशात बेकरीवाली आली. तिची आई महिन्यापूर्वी गेली होती.

"घरात तिचा एक धड फोटो नाही हो काकू. कॅमेरा दिसला की तोंडावर हात धरायची. ताईकडे परदेशी जायचं म्हणून तुमच्याकडे तेवढा काढला होता."

"देते शोधून," काकू बोलून गेल्या, आणि अडकल्या.

त्यांनी दिराला बोलावलं. भाऊजी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे जगातल्या कुठल्याही तारेबद्दल शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची पक्की समजूत.

"त्यात काय, वहिनी! हा जुना, तो बाहेरच्या खोलीतला तुमचा नवा, मध्ये एक केबल. इकडचं उचलायचं, तिकडे टाकायचं. चहा टाका, होईपर्यंत काम झालेलं असेल."

पहिली दुपार केबल पुरत नाही हे कळण्यात गेली. मग नवा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीतून मागे आणायचा, त्यासाठी टेबल हलवायचं, टेबलासाठी कपाट सरकवायचं. काकूंचे गुडघे बोलायला लागले. शेवटी केबल दोन्हीकडे बसली, हिरवा दिवा लुकलुकला. भाऊजींनी टाळी वाजवली. पण नव्या कॉम्प्युटरला जुना दिसायला तयार नव्हता.

दुसऱ्या दुपारी भाऊजी कागदावर आकडे लिहून घेऊन आले. दोन्ही कॉम्प्युटरना घराच्या पत्त्यासारखा एकेक क्रमांक द्यावा लागतो म्हणे. त्यांनी दिला, आणि दोघांना एकच दिला. तासभर दोन्ही कॉम्प्युटर कुरकुरत राहिले.

"भाऊजी, एकाच पत्त्यावर दोन घरं कशी असतील?" काकूंनी विचारलं.

"तेच दुरुस्त करतोय ना!" भाऊजी म्हणाले आणि शेवटचा आकडा बदलला. तेवढ्यात जुना तापून बंद पडला.

तिसऱ्या दुपारी जुना एकदाचा दिसला. नव्याच्या पडद्यावर त्याचं नाव आलं तेव्हा काकूंना भरून आलं. भाऊजींनी त्यावर टिचकी मारली. चौकोनात काहीतरी लिहून आलं आणि भाऊजींनी ते झटकन बंद केलं. पुन्हा टिचकी, पुन्हा चौकोन, पुन्हा बंद.

"अहो, काय लिहिलंय ते वाचू तरी द्या!"

"काही नसतं त्यात, वहिनी. उगाच घाबरवतात."

असं अकरा वेळा झालं. काकू मोजत होत्या. बाराव्या वेळी त्यांनी माऊसवरचा भाऊजींचा हात धरला. भाऊजी दुखावले, "मग तुम्हीच करा," म्हणाले आणि चप्पल घालून चालते झाले. टाकलेला चहा तसाच राहिला.

काकू खुर्चीत बसल्या. डोकं भणभणत होतं. जुना पुन्हा तापायच्या आत जे काय करायचं ते करायला हवं होतं. त्यांनी चष्मा पुसला, टिचकी मारली आणि चौकोनातल्या इंग्रजी ओळींखाली बोट धरून एकेक शब्द वाचला. तीनदा वाचल्यावर अर्थ लागला: ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला बाहेरून आत घेता येत नाही. आणि जुन्याला पासवर्ड कधी नव्हताच. दुकानात त्या एकट्याच तर होत्या, कुणापासून लपवायचं होतं?

"एवढंच होतं?" त्या पडद्याकडे बघून ओरडल्या. "तीन दुपारी? एवढ्यासाठी?"

त्यांनी जुन्याला पासवर्ड घातला, नव्यात तोच दिला. सगळी वर्षं, एकेका वर्षाचा एकेक फोल्डर, ओळीने उलगडली. बेकरीवालीच्या आईचं वर्ष त्यांनी सगळ्यात आधी ओढून घेतलं. मग जुन्याची बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला आणि अर्ध्या अर्ध्या तासाने, थांबत थांबत, बाकीची वर्षं आणायला लागल्या. चौथ्या दिवशी भाऊजी डोकावले. पासवर्डचं ऐकून म्हणाले, "मी तेच तर सांगत होतो." काकूंनी त्यांना चहा दिला.

बेकरीवाली आली तेव्हा आईचे चार फोटो पडद्यावर होते. पासपोर्टला दिलेला फोटो गंभीर, कुणाचाही असावा तसा. बेकरीवालीचं बोट मात्र नापास झालेल्या तिसऱ्यावर थांबलं. त्यात आई तोंड उघडून काकूंना रागावत होती.

"काय म्हणत होती?"

"किती वेळ लावता, दुकानात पाव जळतील, असं काहीसं."

बेकरीवाली आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावला. "हाच द्या. मोठा करून."

बाकी चेहरेही येत गेले. एकच वर्ष उरलं असताना जुन्यातून जळका वास आला आणि तो जो बंद पडला तो कायमचा. त्या वर्षी कोण कोण स्टुलावर बसलं होतं ते आठवत काकूंनी दोन दिवस चिडचिड केली, कागदावर जेमतेम सतरा नावं जमली. तिसऱ्या दिवशी त्या नव्या कॉम्प्युटरपुढे बसल्या आणि हाती लागलेल्या चेहऱ्यांना एकेक करून नावं द्यायला लागल्या. फायलींना नुसते आकडे देऊन ठेवणाऱ्या बाईला, म्हणजे स्वतःलाच, मोठ्याने बोल लावत.