नणंदेच्या हातची आंबील

आमचे हे मागावर बसणारे विणकर. चाळिशी गाठेपर्यंत दमा छातीत कायमचा मुक्कामाला आला. नागपूर अजून मध्यप्रदेशाची राजधानी होतं, तेव्हाच्या एका हिवाळ्यात श्वास इतका लागला की टांग्यात घालून यांना सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं.

तिथे श्वासापेक्षा जेवणाचेच जास्त हाल झाले. मी घरून मुगाचं पातळ वरण आणि भात न्यायची. दोन चमचे पोटात गेले की ठसका लागायचा, ओठ निळे पडायचे. साधं पाणीही धड उतरेना. डॉक्टर म्हणाले, "श्वास इतका भरभर चाललाय की गिळायला सवडच मिळत नाही. अन्न श्वासनळीत जातं. सांभाळून भरवा." सांभाळून म्हणजे कसं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. पुढे पुढे डबा दिसला तरी हे मान फिरवू लागले.

मग उमरेडहून यांची मोठी बहीण आली. विधवा, मोजकं बोलणारी. आम्ही सगळे तिला बाई म्हणायचो. तिने ज्वारीची दाट आंबील केली, यांना उशीला टेकवून ताठ बसवलं आणि भरवू लागली. वाटी रिकामी झाली. एकदाही ठसका नाही.

शेजारच्या खाटेवरच्या रोग्याची आई मला म्हणाली, "बहिणीच्या हाताले गुण आहे वं."

मी हसले, पण आतून जळून गेले. सतरा वर्षं या माणसाला मी रांधून वाढलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी बाईच्या हाताकडे टक लावून पाहू लागले. मला दिसलं एवढंच, की ती फार वेळ लावते. मला वाटलं, भावाजवळ बसायला मिळावं म्हणून मुद्दाम लावते.

एका दुपारी ती आंघोळीला घरी गेली होती. मी यांच्या आवडीचा पाटवडीचा रस्सा नेला.

"बाईले येऊ दे," हे म्हणाले.

"काहून? माह्या हाताले काटे आहेत काय?"

यांनी मुकाट्याने तोंड उघडलं. दोन चमचे सरळ गेले. मला जिंकल्यासारखं वाटलं आणि आधीचा घोट उतरायच्या आत मी तिसरा चमचा पुढे केला. मग जो ठसका लागला, तो नर्स धावत आली तरी थांबेना.

सकाळी अंग तापलं होतं. डॉक्टरांनी छाती तपासली, निमोनिया सांगितला. "काल पातळ काय दिलं? कोणी भरवलं?" त्यांची नजर बाईकडे गेली, कारण वाटी तिच्या हातात होती. मी गप्प राहिले. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. "चुकलं साहेब," ती म्हणाली.

चार दिवस पेनिसिलिनची इंजेक्शनं चालली. पाचव्या दिवशी ताप उतरला, तेव्हा व्हरांड्यात मी तिला म्हटलं, "बाई, तो रस्सा मीनं भरवला."

"मले त्याच दिवशी समजलं. डबा मीनंच धुतला ना."

"मग बोलल्या काहून नाही?"

तिने माझा हात धरला. आत नेऊन मला खाटेवर बसवलं, चमचा माझ्या हातात दिला. "तू घास पाहून राह्यली. त्याचा श्वास पाह्य. अर्धाच चमचा दे. हनुवटी खाली घेऊ दे. गिळला की श्वास सोडू दे, दम खाऊ दे, मग दुसरा. आमच्या बापाचंही असंच होतं. तवा मी शिकली."

त्या दिवशी अर्धी वाटी संपवायला मला पाऊण तास लागला.

हे घरी आले आणि पुढे तीन वर्षं जगले. रोजची आंबील मीच भरवली. डॉक्टरांना मात्र मी खरं कधी सांगितलं नाही, आणि बाईनेही तो विषय पुन्हा काढला नाही. वर्षातून दोनदा ती उमरेडहून यायची. त्या दिवशी वाटी मी आपणहून तिच्या हातात द्यायची आणि चुलीपाशी जाऊन बसायची. तिच्या हातून हे नेहमीच दोन घास जास्त खायचे. मला ते तेव्हाही खुपायचं, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही खुपतं.