आठ आठवड्यांची बॉक

सिंगापूरच्या बेडोक तलावाची फेरी निम्मी झाली होती, तेवढ्यात निशिगंधावहिनी ओरडल्याच, "अहो प्रबोधभाऊजी, देवाची फुलं ती! वास घेतलेलं फूल देवाला वाहतात का?"

बुटाची नाडी बांधायला त्या वाकल्या म्हणून मोगऱ्याची पुडी क्षणभर याच्या हातात दिली, तर या माणसाने ती उघडून थेट नाकाला लावलेली. दर रविवारी टॅम्पिनीस भागातल्या त्यांच्या ब्लॉकचे, म्हणजे इमारतीतले, चार-पाच जण चालायला यायचे; आज बाकीच्यांनी दांडी मारली, म्हणून हे दोघंच.

"खुशाल वाहा," प्रबोध म्हणाला. "मला वास आलाच नाही. तीन महिने झाले, कशाचाच येत नाही."

वहिनी थबकल्या. साधा ताप आला होता त्याला. ताप उतरला, जाताना नाक घेऊन गेला. दुसऱ्या कुणाचं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, येईल हळूहळू, देवाला काळजी. पण याचं पोटच नाकावर.

सांगलीचा मुलगा. मायक्रोबायॉलॉजी शिकला, बव्हेरियात तीन वर्षं राहून बिअर बनवायला शिकला, आणि सहा वर्षांपूर्वी इथल्या एका छोट्या जर्मन भट्टीत लागला. वहिनींनी दारूला जन्मात हात लावलेला नाही, तरी त्याच्याकडून ऐकून ऐकून त्यांना पाठ झालं होतं, की कोलोनची बिअर हलकी, बांबर्गची धुरकट वासाची आणि म्युनिककडची बॉक काळसर नि जोरदार.

"आमचे हे म्हणतात, जितकी कडक तितकी भारी," त्या उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्या.

"उल्हासराव बँकेत आहेत. त्यांना आकडाच दिसणार." तो जरासा हसला. "कडकपणा यंत्र सांगतं, वहिनी. सात टक्के म्हणजे सात. पण बॉक आठ आठवडे थंड टाकीत निवांत पडू द्यावी लागते. घाईने काढली तर लोण्याचा वास मारते. तो नाकालाच कळतो. मालकाला चार आठवड्यांत हवी असते. आजवर मी हुंगून नाही म्हणायचो, तो ऐकायचा."

"आणि आता?"

"आता अंदाजाने मान हलवतो. मागच्या टाकीचे ग्लास गिऱ्हाइकांनी परत पाठवले. शुक्रवारी जर्मनीहून उस्ताद येतोय चाखायला. आताची टाकीही तशीच निघाली तर नोकरी गेली. नोकरी गेली की इथे राहायचा पास गेला, महिन्याभरात गाशा गुंडाळा. आमच्या आर्याची ओ-लेव्हल, इथली दहावी, तोंडावर आलीय."

"गार्गीला सांगितलंत?"

"ती विचारते, हिंग जास्त झाला का हो? मी म्हणतो, बेताचा आहे. घरी नाटक, कामावर नाटक."

वहिनींनी मनातल्या मनात दत्ताचं नाव घेतलं. "भट्टीतल्याच कुणाला हुंगायला सांगा ना."

"संध्याकाळपर्यंत मालकाच्या कानावर!"

मागून सायकलींची घंटी वाजली, दोघं कडेला झाले. सायकली गेल्या तरी तो तिथेच कठड्याला धरून उभा राहिला.

"वहिनी, तुम्ही घरी लोणी काढता, तूप कढवता. तुमचं नाक चुकायचं नाही. गुरुवारी तुमचा उपास, म्हणून बुधवारी छोट्या बाटलीत घेऊन येतो. घरात नको, देव आहेत. ब्लॉकखाली उभे राहू. ओठालासुद्धा लावायची नाही. नुसतं हुंगा आणि खरं काय ते सांगा. वास असेल तर ती टाकी मी शुक्रवारी उघडू देणार नाही, आणखी पडू देईन. एवढं कराल?"