ओढ्याच्या अलीकडे थांबलेली जीप

सोपानमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वसमतला एका छापखान्यात उभी होते. हळद काढणाऱ्या बायांच्या मजुरीचं पत्रक छपाईला जायचं होतं, त्यातल्या चुका तपासत होते. फोन त्यांच्या मुलाचा, भगवानचा होता. "दादा गेले," एवढंच तो म्हणाला आणि मग मागून फक्त बायांच्या रडण्याचा आवाज येत राहिला. नंतर कळलं, सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसले होते, बसल्या जागीच मान कलली... पत्रक तसंच टाकून मी एसटी धरली. वारंगा फाट्यावर दुसऱ्या गाडीची वाट बघण्यात तास गेला. बाळापूरला पोहोचले तोवर माती देऊन झाली होती. चेहरा दिसला नाही. अंगणात माणसं बोलत होती की तीस वर्षं सरकारी जीप चालवली, कधी एक ओरखडा पाडला नाही, कुणाला दुखावलं नाही. मी भिंतीशी बसून ऐकत होते. त्या अंगणात बोलायला हवी अशी एक गोष्ट होती आणि ती फक्त मलाच बोलता आली असती. या माणसाबद्दल मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एक खोटी गोष्ट छापली होती. ती खोटी आहे हे मला दोन आठवड्यांत कळलं. पुढची बारा वर्षं मी ती छापून मागे घेतली नाही.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरात देव नव्हते, पत्रकांनी भरलेली एक लोखंडी पेटी होती. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ती ठेवलेली असे. शाळेचं पुस्तक वाचायच्या आधी मी गुलाबी, पिवळ्या कागदावरची 'जाहीर निषेध' आणि 'चलो' ही अक्षरं वाचायला शिकले. वडील म्हणत, छापलेला शब्द हे गरिबाचं हत्यार आहे. ते मला अजूनही पटतं. हत्यार चुकीच्या माणसाला लागलं तर काय करायचं, हे मात्र पेटीतल्या एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडे. डांबरी सडकेपासून ओढ्यापर्यंत काळ्या मातीची गाडीवाट, पुढे ओढा, मग आमची चाळीस घरं. गावातल्या प्रत्येक आळीला खडीचा रस्ता झाला, आमच्या वाटेवर एक टोपलं मुरूम पडला नाही. ते का, हे सांगायला कुणा अभ्यासकाची गरज नाही. त्या श्रावणात माझ्या चुलतभावाची बायको, कमलवहिनी, पहिल्या बाळंतपणाला अडली. आरोग्य केंद्राला निरोप गेला. जीप आली, ओढ्याच्या अलीकडच्या काठाशी थांबली. चालक खाली उतरला, पाण्याकडे बघत उभा राहिला, परत चढला आणि जीप वळवून निघून गेला. आम्ही पलीकडून ओरडत होतो. शेवटी वहिनीला बाजेवर घालून पाण्यातून काढलं, बैलगाडीत घातलं. बाळ वाटेतच जन्मलं, रडलं नाही... चालकाचं नाव कुणीतरी सांगितलं, सोपान गुरव. महादेवाच्या देवळाचं पुजारपण त्यांच्या घरात होतं. मला आणखी पुरावा लागला नाही. त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं, 'जीपलाही जात असते!' आत लिहिलं की वस्ती कुणाची आहे हे पाहून चालकाने गाडी वळवली. नावासकट. बाजाराच्या दिवशी बाळापुरात बाजारतळाच्या भिंतीवर ते आम्ही स्वतः डकवलं. सोपानमामांना नोटीस मिळाली, त्यांच्या पोरांना शाळेत चिडवलं गेलं. मला त्याचा अभिमान वाटला होता, हेही आज लिहिलं पाहिजे.

दोन आठवड्यांनी ते आमच्या दारात आले. खिशात घडी घातलेलं पत्रक. स्वतःहून पाणी मागितलं आणि तांब्या तोंडाला लावून प्यायले. मला वाटलं, नाटक करतोय. त्यांनी वडिलांना नुसता नमस्कार केला आणि माझ्याकडे वळून विचारलं, हे तू लिहिलं का तुह्या बापानं? मी म्हणाले, मी. "मंग तूच चल संगं," ते म्हणाले. वडिलांनी मान हलवली, म्हणून गेले. सडकेवर जीप उभी होती. त्यांनी मला आत वाकून बघायला लावलं. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा एक आखूड दांडा होता, त्याला चिंधी बांधलेली, चिंधीवर धूळ.

"याच्यानं पुढली चाकं बी जोर लावतात म्हणं. पण हापिसातून सांगून ठेवलं, हात लावायचा न्हाई, डिझेल पितं. आठ वर्सं झाली, म्या सोडली न्हाई ही चिंधी. त्या दिशी बी न्हाई सोडली... म्या भ्यालो पोरी. पान्याला भ्यालो, चिखलाला भ्यालो. गाडी वाहून जाईन, नौकरी जाईन, असं वाटलं. तुमच्या जातीला न्हाई भ्यालो. पर लेकरू गेलं ते गेलंच."

मग ते म्हणाले की आता त्यांना हे शिकायचं आहे. शिकवणारं कुणी नाही. गाडीच्या पेटीत इंग्रजी पुस्तक आहे ते त्यांना वाचता येत नाही, आणि तुमच्या जमिनीत कुठं कडक आहे, कुठं भुसभुशीत, हे वस्तीच्याच माणसाला ठाऊक. तेव्हा पुस्तक तू वाच, जमीन तू दाखव, गाडी मी चालवतो. शिव्या छापणाऱ्या पोरीला गुरू करायला आलेला असा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी दर रविवारी वाट तपासायला म्हणून जायची परवानगी दिली. मी शब्दकोश मांडीवर घेऊन पुस्तक लावायचे, ते बाजूला बसून एकेक वाक्य दोनदा म्हणवून घ्यायचे. पहिल्या रविवारी चिंधी सोडली, दांडा टाकला आणि आम्ही दोघं मोठ्या ऐटीत काळ्या रानात शिरलो. वीस पावलांवर जीप रुतली. मामांनी घाबरून रेस दिली, चाकं जागीच फिरली आणि गाडी पोटापर्यंत बसली. वस्तीतली सगळी माणसं बघायला आली. आमची धोंडाआजी काठी टेकून म्हणाली, "काय रं गुरवा, महादेवाची पिंड सोडून हितं आमच्या रानात येऊन बसलास व्हय? आता बेल वाहावा का तुला?" मामाच आधी हसले. मग बायांनी चुलीसाठी साठवलेल्या पऱ्हाट्यांच्या पेंढ्या आणल्या, चाकांखाली रचल्या, पुढून बैलजोडी लावली. वाळलेल्या कापसाच्या काड्यांवर चाकाला पकड मिळते, हे काही पुस्तकात नव्हतं. त्यानंतर जीपमध्ये मागे कायम दोन पेंढ्या असायच्या. धोंडाआजीच्या चुलीसाठी मामा बाळापूरहून सरपण आणून त्याची भरपाई करायचे.

हळूहळू जमत गेलं. चिखल यायच्या आधीच दांडा टाकायचा, रुतल्यावर नाही. मध्येच क्लच दाबायचा नाही. उतारावर ब्रेकला पाय लावायचा नाही, खालच्या गिअरवर सोडून द्यायचं. ओलं रान दिसलं की टायरची थोडी हवा कमी करायची, सडकेला लागताच दांडा काढून घ्यायचा, नाहीतर गाडी वळायला रुसते. आणि सगळ्यात आधी, उतरून पायी चालायचं. पाणी असो, गवत असो, जिथून चाक जाणार तिथून आधी माणूस जाणार. ते माझं काम होतं. हातात काठी घेऊन मी पुढे, मागे गुरगुरत जीप. एक दिवस त्यांनी मला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः काठी घेऊन चालायला लागले. माझ्या वयाच्या मुली तेव्हा सायकलवर दिसल्या तरी गाव बोलायचं, मी ओढ्यातून सरकारी जीप काढली. वारंग्याच्या गॅरेजवाल्यांनी त्यांना सांगितलं होतं, मामा, मोठे टायर टाका, पुढं ओढायची चरखी लावा, मग बघा. मामा म्हणाले, आरसा फुटला तर हापीस सहा महिने देत नाही, चरखी कुठली देतंय? मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गाडीत मुळात जे हाये तेच आपल्याला आठ वर्सं ठावकी नव्हतं. आधी ते वापरू."

पुढच्या पावसाळ्यात कमलवहिनी पुन्हा अडली. दुपारची वेळ होती, ओढ्याला मांडीएवढं पाणी. मामा निरोपाबरोबर आले. मी काठीने तळ चाचपत पुढे चालले आणि जीप माझ्या मागोमाग पाणी कापत वस्तीत आली. अडलेल्या माणसासाठी त्या ओढ्यातून वस्तीवर आलेली ती पहिली सरकारी गाडी. माणसं धावली. पण वहिनीने जीप पाहिली, चालक पाहिला आणि उंबऱ्याला हात घट्ट धरला. "ह्या मानसाच्या गाडीत म्या मेले तरी बसायची न्हाई," ती म्हणाली. "सुजाता, तूच लिहिलं न्हाई का, त्यानं काहून गाडी वळवली ते?"

मामा जीपचा दरवाजा उघडून पावसात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही... नुसतं पाहिलं, वाट पाहत असल्यासारखं. मला एकच वाक्य म्हणायचं होतं, की वहिनी, ते मी खोटं लिहिलं. समोर सगळी वस्ती उभी होती, वडील उभे होते, ज्यांनी माझं पत्रक भिंतीवर डकवलं ते सगळे उभे होते. मी म्हणाले, "वहिनी, आत्ता बस, मग भांडू." सासूने हात सोडवला. वहिनी तोंड फिरवून बसली आणि सबंध वाट तिने समोर पाहिलं नाही. मुलगी झाली, जगली. परत येताना मामा एवढंच बोलले की उतारावर आज त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही, तुझ्या ध्यानात आलं का?

मी पत्रक काढणार होते, खरंच काढणार होते. कार्यकर्ते म्हणाले, रस्त्याचं आंदोलन चालू आहे, आता माघार घेतली तर सगळंच खोटं ठरवतील, रस्ता होईपर्यंत थांब. मला ते पटलं, कारण ते पटणं सोयीचं होतं. रस्ता अडवणारी जात होती, याबद्दल मी आजही एक शब्द मागे घेत नाही. पण त्या दिवशी स्टिअरिंगवर बसला होता तो एक घाबरलेला माणूस, ज्याच्या हाताशी चार चाकांची ताकद होती आणि ज्याला ती वापरायची कुणी शिकवली नव्हती. हे लिहायला जागा लागते, पत्रकात तेवढी नसते, असंही मी स्वतःला सांगितलं. पाच वर्षांनी खडी पडली, मग डांबर आलं, ओढ्यावर नळ्या टाकून पूल झाला. मग वाटलं, आता जुनं कशाला उकरायचं. मामा निवृत्त झाले त्या दिवशी मी हार घेऊन गेले होते. पाया पडताना त्यांनी हळूच विचारलं, "ते दुसरं पत्रक कवा काढतीस, लेकरा?" मी म्हणाले, काढते मामा. ते हसले, "निवांत काढ. मला कुठं जायचं हाये?"

परवा मी ते काढलं. त्याच गुलाबी कागदावर, त्याच मापात. भिंतीवर डकवायच्या आधी मामींकडे गेले. मामींना वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं: चालक सोपान गुरव यांनी जात पाहून जीप वळवली असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. ते खोटं आहे हे मला माहीत असूनही मी बारा वर्षं गप्प राहिले... पुढचं मला वाचवेना.

मामी म्हणाल्या, "बाजाराच्या दिशी भाजी आनायला जायाचे अन् उशिरा यायाचे. म्या इचारायची, कुठं व्हते? तर म्हनायचे, भिंतीवरची पत्रकं वाचत व्हतो. सुजीनं नवं काय लिहिलं बघत व्हतो." त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि अक्षरांवरून बोट फिरवत विचारलं, यात त्यांचं नाव कुठं आहे? मी दाखवलं.

खुंटीला मामांचा खाकी सदरा अजून टांगलेला होता. कोपरांवर विरलेला, कॉलरला घामाची रेघ. धुवायला काढायचं कुणाचं मन झालं नव्हतं. मामींनी कागदाची चार घड्यांची घडी केली आणि मला परत दिली. "तुह्याच हातानं ठेव," त्या म्हणाल्या. मी तो सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. खिशाचं बटण बसेना, भोक फाटून मोठं झालं होतं. मी ते लावत राहिले.