वडील हयात

केदार बोरकुटे सध्या टेक्ससमध्ये अमेरिकी लष्करात सार्जंट आहे. बुटांच्या आणि तंबूंच्या गोदामावर त्याची नेमणूक आहे. गणपतीला मंडळात कोणी ना कोणी मला विचारतंच, "काय म्हणतोय तुमचा सैनिक?" आणि मी "मजेत आहे" म्हणून प्रसादाच्या रांगेत पुढे सरकते. मजेत आहे की नाही, मला ठाऊक नाही. पाच वर्षं तो शिकागोजवळ शॉमबर्गला आमच्या बेसमेंटमध्ये राहिला, माझ्या हातचं जेवला, आणि त्याच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट बातमी मी त्याच्यापासून सहा महिने लपवून ठेवली.

मुलगा नागपूरचा. शिकागोला एमएस करायला आलेला. उंच, हडकुळा, आणि खोटं अजिबात न बोलता येणारा. हा गुण आहे असं शाळेत शिकवतात. केदारला पाहिल्यावर मला ते दुखणंच वाटायला लागलं. पोळी कच्ची राहिली का रे, विचारलं की "थोडी राहिली, काकू" म्हणायचा. माझ्या नवऱ्यानं, प्रतापनं, पस्तीस वर्षांत एवढं धाडस केलेलं नाही.

२०१६ साली त्यानं लष्करात जायचं ठरवलं. तेव्हा अफगाणिस्तानातली लढाई पंधराव्या वर्षात होती. इथल्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, कायद्यात एक वाट ठेवली होती: देशाला ज्याची निकड आहे असा परदेशी माणूस नागरिक नसला तरी सैन्यात घेता येतो. त्या वाटेनं लष्करानं योजना काढली. ठरावीक भाषा येणाऱ्यांनी यावं, शिपाई व्हावं, नागरिकत्व लगेच मिळेल. भाषांच्या यादीत हिंदी होती. आमच्या आसपासची मुलं ग्रीन कार्डच्या रांगेत म्हातारी होत होती. केदारनं हात वर करून शपथ घेतली, करारावर सही केली, आणि ट्रेनिंगची तारीख कधी येते त्याची वाट बघत बसला.

तारीख आली नाही. आधी पार्श्वभूमीची चौकशी होणार म्हणाले. नियम बदलले, मग चौकशीचीही वेगळी चौकशी निघाली. व्हिसा टिकवायला त्यानं एका कॉलेजात नाव घालून ठेवलं. रोज पहाटे पाच मैल पळायचा आणि घरी येऊन टीव्हीवर संसदेचं चॅनल लावायचा. लष्कराच्या वर्षाच्या खर्चावर तिथं दिवसचे दिवस बोलायचे. विमानं, जहाजं, तळ, दारूगोळा. आपल्यासारख्या अडकलेल्या पोरांबद्दल कोणी एक वाक्य बोलेल म्हणून हा ते सगळं ऐकायचा. मला त्या चॅनलचा इतका वैताग आला होता की एकदा मी रिमोट तांदळाच्या डब्यात लपवला.

अखेर त्याला मुलाखतीला बोलावलं. साहेबानं विचारलं, घरी फोन करतोस का?

"दर रविवारी," केदारनं सांगितलं. "आईला अन् बाबांना. अर्धा तास तरी होते."

अजून काय सांगणार? त्याचं उत्तर आलं ते २०१८ च्या उन्हाळ्यात. उमेदवाराचे परकीय नागरिकांशी जवळचे व नियमित संबंध आहेत. वडील परकीय सरकारच्या सेवेत होते. सबब उमेदवार जोखमीचा. केदारचे वडील पाटबंधारे खात्यात होते. बत्तीस वर्षं सायकलवरून जाऊन कालव्याचं पाणी मोजलं त्या माणसानं. हिंदी येते म्हणून पोराला घेतलं, आणि हिंदी येणाऱ्या देशात आईबाप आहेत म्हणून अडवलं. मी त्या दिवशी खूप बडबडले. केदार म्हणाला, "जाऊ द्या काकू, त्यांचं पण काम आहे."

मीच त्याला खासदारांच्या ऑफिसात घेऊन गेले. एका छोट्या मॉलमध्ये, दातांच्या डॉक्टरच्या शेजारी ते ऑफिस आहे. सैनिकांचे अर्ज बघायला तिथं आन्या बसते. आमच्या मंडळातल्या एका घरची ती मुलगी, इथंच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. कोणाचं पदक हरवलेलं, कोणाची व्हीलचेअर अडकलेली, कोणाचा मुलगा सहा आठवडे बोललेला नाही. दिवसभर हेच. लष्कराला खर्च मंजूर करून देणारे हेच खासदार, म्हणून त्यांच्या ऑफिसातून पत्र गेलं की लष्कर उत्तर देतंच. पण उत्तर म्हणजे काय? 'प्रकरण विचाराधीन आहे.' चार महिन्यांनी पुन्हा अर्ज, पुन्हा तेच वाक्य. आन्या ते वाचून दाखवायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. आधी मला तिचा राग यायचा. पुढे पुढे आम्ही तिघंही तसेच बसायला लागलो.

त्या ऑफिसातून परत आल्यावर केदारनं आपलं आपणच ठरवलं. पुढच्या चौकशीत फोन करतोस का विचारतील. करतो म्हटलं तर संपलं. करून नाही म्हणणं त्याला जमणार नव्हतं. मग फोनच करायचा नाही! ऑक्टोबरमधल्या एका रविवारी त्यानं आईवडिलांना सांगितलं, "काही महिने मी फोन करणार नाही. तुम्ही पण करू नका. कारण विचारू नका. चांगल्यासाठीच करून राहिलो." आणि फोनमधून दोघांचे नंबर काढून टाकले.

मी म्हटलं, "अरे मूर्खा, आईबापांना कोणी असं टाकतं का?"

"टाकलं नाही काकू. काम झालं की एका दिवसात सगळं बोलून घेईन."

त्याच्या आईकडे माझा नंबर होता. पुढच्या रविवारी सकाळी साडेआठला तिचा मला फोन आला. मग दर रविवारी यायला लागला. "ताई, जेवते नं तो? थंडी वाजत नाही नं?" एवढंच विचारायची. फोन वाजला की केदार ताट घेऊन खाली बेसमेंटमध्ये निघून जायचा. त्यानं मला बजावून ठेवलं होतं, "आई काय बोलली ते मला सांगू नका. तुमच्यामार्फत खुशाली कळली तरी तो संबंधच झाला. मला खरं सांगता आलं पाहिजे."

फेब्रुवारीत फोन मंगळवारी आला. बाहेर उणे दहा होतं, आणि मी गाडीवरचा बर्फ खरवडून नुकती आत आले होते. रथसप्तमी होती. तिच्या आवाजावरून काही कळलं नाही. ती म्हणाली, "ताई, हे गेले. दुपारी जेवून पडले अन् उठलेच नाहीत." पुतण्यानं अग्नी दिला, म्हणाली. मग म्हणाली, "त्याला सांगू नका जी. काम होईस्तोवर सांगू नका. सांगितलं तर तो सगळं टाकून येईन, अन् मग त्याला परत घेणार नाहीत. यांनी पण हेच सांगितलं असतं."

आपल्याकडे ही रीतच आहे. पोरगं परदेशात आहे ना, मग परीक्षा होऊ दे, व्हिसा होऊ दे, मग सांगू. माझी आई गेली तेव्हा मला भावानं नवव्या दिवशी कळवलं, माझं बाळंतपण जवळ आलं होतं म्हणून. भावाशी मी दोन वर्षं बोलले नाही. आणि तीच मी फोनवर म्हणाले, "बरं. नाही सांगत." दुःखात असलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं, अशी मी माझी समजूत घातली. त्या संध्याकाळी मी वरणभात केला. केदार दोनदा भात घेऊन जेवला.

एप्रिलमध्ये त्याला नव्यानं फॉर्म आला. जवळच्या नातेवाइकांची माहिती अद्ययावत करा. जेवणाच्या टेबलावर बसून त्यानं तो भरला आणि माझ्यापुढे सरकवला. "काकू, एकदा नजर टाका. स्पेलिंग चुकलं तर पुन्हा सहा महिने जातील."

आईचं नाव, जन्मतारीख, पत्ता. वडिलांचं नाव, जन्मतारीख, पत्ता. खाली दोन चौकोन: हयात, मृत. हयातवर त्यानं काळ्या पेनानं नीट खूण केली होती.

तेव्हा बोलायला हवं होतं. आता मला कोणी सांगायची गरज नाही. पण मी वचन दिलं होतं, आणि एवढ्या मोठ्या लष्कराला नागपूरच्या एका म्हाताऱ्याचं काय पडलंय, असंही मला वाटलं. मी पिनकोड तपासला. "बरोबर आहे," म्हटलं आणि कागद परत दिला.

ऑगस्टमध्ये आन्यानं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. लष्कराचं उत्तर आलं होतं, आणि या वेळी ते एका वाक्याचं नव्हतं. तिनं पत्र टेबलावर ठेवलं आणि फिरवून केदारकडे सरकवलं. उमेदवारानं वडील हयात असल्याचं लेखी नमूद केलं आहे. प्रत्यक्षात त्यांचं निधन १२ फेब्रुवारी रोजी झालं आहे. उमेदवारानं खोटी माहिती दिल्याचं सकृतदर्शनी दिसतं. तीस दिवसांत खुलासा करावा. मागे पुरावा जोडला होता. पुतण्यानं इंटरनेटवर टाकलेला फोटो लष्करातल्या कोणीतरी साध्या कागदावर काळापांढरा छापला होता. फोटोला हार घातलेला, खाली दोन तारखा.

केदारनं फोटो हातात घेतला. खालच्या दोन्ही तारखा वाचल्या. मग मला विचारलं, "काकू, हे खरं आहे का?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो रे. आई म्हणाल्या सांगू नका."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो "अच्छा" म्हणाला आणि कागद पत्रामागे होता तसा सरळ करून ठेवला. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

आन्यानं वही पुढे ओढली. मग वहीत काहीतरी लिहून म्हणाली, "आय ॲम सो सॉरी, केदार." आणि माझ्याकडे वळून, "बट काकू, धिस ॲक्च्युअली हेल्प्स हिम."

मला कळेना. तिनं समजावून सांगितलं, हळू आवाजात, पायरी पायरीनं. त्यांचा मूळ आक्षेप काय, तर घरच्यांशी नियमित संबंध. आता ज्याला सख्खे वडील गेल्याचं सहा महिने कळलं नाही, त्याचा काय संबंध उरला? यापेक्षा भक्कम पुरावा नाही. मी प्रतिज्ञापत्र लिहून द्यायचं: मला माहीत होतं, मी सांगितलं नाही, त्यानं कधी विचारलं नाही. त्यावर केदारचा अर्ज, त्यावर खासदारांची सही.

"म्हणजे बाबा गेले ते कामाला आलं," केदार म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. त्याला ते खरंच तसं दिसत होतं.

मग त्यानं विचारलं, "मी आज आईला फोन केला तर?"

"मी तुला नको म्हणू शकत नाही," आन्या पहिल्यांदाच मराठीत बोलली, अडखळत. "पण ते परत विचारणार. लास्ट कॉन्टॅक्ट कधी? आणि तू खरं सांगणार."

"हो," केदार म्हणाला. "सांगीन."

मी तिथल्या तिथं प्रतिज्ञापत्र लिहिलं. मी, पद्मिनी, शपथेवर सांगते की सदर उमेदवाराचा त्याच्या कुटुंबाशी कोणताही संपर्क नाही. आन्यानं इंग्रजी नीट करून टाइप केलं. केदारनं सगळं वाचलं, वडिलांच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं ते दुरुस्त करायला लावलं, आणि अर्जावर सही केली. गाडीत मी म्हटलं, "मला शिव्या तरी दे." तो म्हणाला, "काकू, डावीकडे घ्या, पुढे रस्ता बंद आहे."

त्यानंतरच्या रविवारी साडेआठला फोन वाजला. पोहे केले होते. केदार ताट घेऊन खाली जायला उठेल म्हणून मी थांबले. तो उठला नाही. मी फोन कानाला लावला. त्या बाईचा आवाज मोठा, समोर बसलेल्याला सगळं ऐकू येत होतं.

"ताई, कसा आहे जी तो?"

"बरा आहे. समोरच..." एवढं माझ्या तोंडून गेलं आणि मी केदारकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. नको.

"समोरच पोहे ठेवलेत त्याचे," मी म्हटलं. "येईल आता."

"त्याला कळलं तर नाही नं यांचं?"

केदार ताटाकडे बघत होता. अक्षर न् अक्षर ऐकत होता.

"नाही," मी म्हटलं. "नाही कळलं अजून."

"बरं झालं," ती म्हणाली. तिला खरंच हायसं वाटलं, ते ऐकू आलं. "फेब्रुवारीत वर्षश्राद्ध येते. तोवर काम होऊन जाईन नं त्याचं? मग तो येऊन स्वतःच करेन."

"होईल की," मी म्हटलं.

काम झालं ते पुढच्या जूनमध्ये. तोपर्यंत दर रविवारी फोन वाजला की तो समोर बसून आईचं बोलणं ऐकायचा, आणि ती ठेवेपर्यंत घास घ्यायचा नाही.